लाकडी अंगाच्या मोटारी

जुन्या मोटारी जपणाऱ्या हौशी लोकांची जमात जगभर आहे. मुंबई-पुण्याकडेही त्यांच्या गाड्यांच्या फेऱ्या निघतात आणि संस्थानिकांच्या चकचकीत रोल्स-रॉइस पाहायला रस्त्याच्या कडेला गर्दी जमते. अमेरिकेतल्या हौशी मंडळींत मात्र एका वेगळ्याच गाडीला फार मान आहे. ती राजाची नाही, शर्यतीची नाही, वेगवान तर मुळीच नाही. रेल्वे स्टेशनवरून पाहुणे आणि त्यांच्या ट्रंका हॉटेलात आणून टाकायच्या, एवढ्याच कामासाठी ती जन्माला आली. तिचे नाव स्टेशन वॅगन. त्यातही १९५३ पर्यंतच्या, ज्यांचे अंग खरोखरीच लाकडाचे होते अशा वॅगनींवर या मंडळींचा जीव. त्यांना ते लाडाने 'वुडी' म्हणतात. १९४१ सालची क्रायस्लर टाउन अँड कंट्री वॅगन लिलावात आली, तर लाख डॉलरच्या पुढे बोली सहज जाते.

एवढी किंमत का? दुर्मीळ म्हणून, हे उघड उत्तर. पण ती दुर्मीळ का झाली? टाउन अँड कंट्री मुळातच थोड्या होत्या, १९४१ आणि १९४२ मिळून जेमतेम दोन हजार. फोर्डच्या वॅगनींचे तसे नव्हते. १९४९ या एका वर्षात फोर्डने सुमारे तीस हजार वॅगनी विकल्या. त्या गेल्या कुठे? बरोबरीच्या पत्र्याच्या गाड्या पुष्कळ जास्त संख्येने टिकल्या आणि या संपल्या. या प्रश्नाच्या उत्तरात थोडे अर्थशास्त्र आहे, थोडे गणित आहे. पण मुख्यतः लाकूड आणि पाणी यांचे नाते आहे. पावसाळ्यात घराचे दार फुगून बसते आणि शिवरात्रीनंतर ते आपोआप नीट लागू लागते, हे ज्याने पाहिले आहे त्याला या मोटारींची निम्मी कहाणी आधीच ठाऊक आहे.

सुरुवात घोडागाडीपासून करावी लागते. अमेरिकेत रेल्वे स्टेशनला डेपो म्हणत आणि तिथे उभ्या राहणाऱ्या भाड्याच्या गाडीला 'डेपो हॅक'. मोटारी आल्यावर फोर्डच्या 'मॉडेल टी'चा नुसता सांगाडा, म्हणजे इंजिन, चाके आणि चौकट, विकत घेऊन त्यावर गावातला गाडी बनवणारा सुतार बाके, खांब आणि छप्पर चढवून देई. आपल्याकडेही ट्रकचा सांगाडा कारखान्यातून यायचा आणि त्यावरचा लाकडी डोलारा सुतार उभा करायचे, पद्धत तीच. १९२३ मध्ये स्टार या कंपनीने वॅगन आपल्या नेहमीच्या मालात दाखल केली, अंग मात्र बाहेरून करून घेतलेले. १९२९ मध्ये फोर्डने 'मॉडेल ए'च्या सांगाड्यावर वॅगन काढली आणि तिथून ही गाडी खऱ्या अर्थाने सर्वत्र पसरली. तरीही तिला मोटार म्हणावे की मालवाहू गाडी, हे पुष्कळ दिवस ठरत नव्हते. हॉटेले, शाळा, मोठ्या बागायतींचे मालक हेच तिचे गिऱ्हाईक.

तोवर इतर मोटारींची अंगे पत्र्याची होऊ लागली होती. मग वॅगन लाकडाचीच का राहिली? याचे कारण साच्यात आहे. पोलादी पत्र्याला दाबून दाराचा किंवा छपराचा आकार द्यायचा तर आधी दोन प्रचंड साचे कोरावे लागतात. समजा साच्यांचा खर्च एक कोटी रुपये आला. गाड्या एक लाख होणार असतील तर प्रत्येक गाडीवर शंभर रुपये पडतात. शंभरच होणार असतील तर प्रत्येकीवर एक लाख. वॅगनी थोड्या खपत, म्हणून त्यांना साचा परवडत नसे. लाकडाला साचा लागत नाही. करवत, रंधा, पटाशी आणि हातात कसब असलेला माणूस एवढे पुरे. म्हणजे ज्या लाकडाला आज हौशी मंडळी ऐश्वर्य समजतात ते त्या काळी काटकसरीतून आलेले होते.

फोर्डचे प्रकरण जरा निराळे, कारण त्याच्याकडे स्वतःचे जंगल होते. मॉडेल टी ही आपल्याला लोखंडी गाडी वाटते, पण तिच्या एकेका नगात सुमारे पाव घनमीटर लाकूड लागे. हे लाकूड दुसऱ्याकडून घेणे हेन्री फोर्डला रुचेना. १९२० च्या सुमारास त्याने मिशिगन राज्याच्या उत्तर भागात तीन लाख एकरांहून अधिक जंगल घेतले आणि आयर्न माउंटन या गावाजवळ कारखाना घातला. हा व्यवहार जुळवला तो त्याच्या मावस-चुलत नात्यातल्या एका बहिणीच्या नवऱ्याने, एडवर्ड किंग्जफर्डने. उरलेल्या ढलप्या आणि भुसाही फोर्डला फुकट घालवायचा नव्हता. त्याचे बंद भट्टीत ऊर्ध्वपातन करून मेथिल अल्कोहोल काढले जाई आणि राहिलेल्या कोळशाच्या वड्या पाडून विकल्या जात. किंग्जफर्ड या नावाचा कोळसा अमेरिकेत अजून घरोघर अंगणातल्या शेगडीत जळतो. लाकडाचे शुष्क ऊर्ध्वपातन शिकवताना हे उदाहरण सांगण्याजोगे आहे. दुसऱ्या महायुद्धात याच कारखान्यातल्या कारागिरांनी चार हजारांवर लाकडी ग्लायडर विमाने बनवली. युद्ध संपल्यावर तेच हात पुन्हा वॅगनींकडे वळले.

आता लाकडाकडे येऊ. फोर्डच्या वॅगनींच्या चौकटी मुख्यतः मेपलच्या असत, क्रायस्लरच्या पांढऱ्या ॲशच्या. ॲश आपल्याकडे फर्निचरात फारसे दिसत नाही, पण क्रिकेटचे स्टंप परंपरेने याच लाकडाचे करतात, आणि अमेरिकेत बेसबॉलच्या दांड्या. धक्का सोसण्यात त्याचा हात धरणारी लाकडे थोडी. पोलाद ॲशपेक्षा सुमारे सतरा पट ताठ, पण तेराएक पट जडही. म्हणजे वजनाच्या मानाने पाहिले तर तंतूंच्या दिशेने दोघांचा ताठपणा उन्नीस-बीस. ब्रिटनमधील मॉर्गन ही कंपनी आपल्या गाड्यांच्या अंगात ॲशची चौकट आजही वापरते, ती काही केवळ जुन्याच्या मोहाने नव्हे.

पण 'तंतूंच्या दिशेने' हे शब्द महत्त्वाचे. पोलादाला दिशा नसते, लाकडाला असते. लाकूड म्हणजे लांबट नळ्यांची मोळी. प्रत्येक नळीची भिंत सेल्युलोजच्या दोऱ्यांची, त्यांच्यामध्ये हेमिसेल्युलोज आणि सगळ्याला घट्ट धरणारे लिग्निन. हे दोरे बहुतांश खोडाच्या उभ्या दिशेत असतात. सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज या दोहोंच्या रेणूंवर ऑक्सिजन-हायड्रोजनचे गट जागोजाग लटकलेले असतात आणि पाण्याचा रेणू दिसला की ते त्याला हायड्रोजन बंधाने जवळ ओढतात. हवेत बाष्प वाढले की पाणी भिंतीत शिरते, दोऱ्यांना बाजूला सारते आणि भिंत जाड होते. दोऱ्यांची लांबी मात्र बदलत नाही. म्हणून लाकूड आडवे फुगते, उभे जवळजवळ नाही.

लाकडातल्या पाण्याचे प्रमाण सांगायची रीत अशी: ओल्या तुकड्याच्या वजनातून पूर्ण वाळवलेल्या तुकड्याचे वजन वजा करायचे आणि आलेल्या वजाबाकीला कोरड्या वजनाने भागायचे. भागिले कोरडे वजन, हे मुलांना बजावावे लागते, कारण ताज्या तोडलेल्या काही लाकडांत हा आकडा शंभर टक्क्यांच्या पुढे जातो आणि मुले गोंधळतात. साधारण तीस टक्क्यांपर्यंतचे पाणी पेशींच्या भिंतीत मुरते. त्यापुढचे पाणी नळ्यांच्या पोकळीत नुसते भरून राहते, त्याने लाकूड फुगत नाही. या सीमेला तंतुसंपृक्ततेचा बिंदू म्हणतात. सगळा आकुंचन-प्रसरणाचा खेळ या तीस टक्क्यांच्या आतला.

आणि या खेळात लाकडाच्या तीन दिशा तीन तऱ्हेने वागतात. शुगर मेपल पूर्ण ओल्या अवस्थेतून पूर्ण कोरडे केले तर वर्षवलयांच्या कडेकडेने, म्हणजे स्पर्शिकेच्या दिशेत, सुमारे ९.९ टक्के आक्रसते. केंद्राकडे, म्हणजे त्रिज्येच्या दिशेत, ४.८ टक्के; आणि उभे, टक्क्याच्या एक-दोन दशांश एवढेच. पांढऱ्या ॲशचे पहिले दोन आकडे ७.८ आणि ४.९. होंडुरासच्या मॅहॉगनीचे फक्त ४.१ आणि ३.०. क्रायस्लरने चौकट ॲशची आणि तिच्यात बसवायच्या फळ्या मॅहॉगनीच्या का घेतल्या, याला केवळ रंगसंगतीचे कारण नव्हते, हे या आकड्यांवरून लक्षात यावे. (रंगसंगतीही होतीच. फिक्या चौकटीत तांबूस फळी फार शोभते.)

हिशेब करून पाहू. हिवाळ्यात अमेरिकेतल्या तापवलेल्या गराजमध्ये हवेची सापेक्ष आर्द्रता तीस टक्क्यांच्या आसपास असते. अशा हवेत लाकूड सहा टक्के पाणी धरते. समुद्रकाठच्या दमट उन्हाळ्यात आर्द्रता ऐंशी टक्के झाली की हेच लाकूड सोळा टक्क्यांवर जाते. फरक दहा टक्क्यांचा, म्हणजे तीसचा एक-तृतीयांश. मेपलची दहा सेंटिमीटर रुंदीची पट्टी स्पर्शिकेच्या दिशेत कापलेली असेल तर ती ९.९ च्या एक-तृतीयांश, म्हणजे सुमारे ३.३ टक्के रुंदावेल. हे झाले ३.३ मिलिमीटर. तेवढ्याच रुंदीचा पोलादी पत्रा चाळीस अंशांनी तापवला तर किती वाढेल? मिलिमीटरचा विसावा भाग. लाकूड पोलादाच्या साठ-पासष्ट पट हलते, आणि उष्णतेने नव्हे, पाण्याने. वार्निशचा थर चांगला असेल तर हे बदल मंदावतात आणि दोन्ही टोके गाठायच्या आत ऋतू पालटतो, ही गोष्ट वेगळी. पण वार्निश पाण्याला उशीर लावते, अडवत नाही.

हा प्रयोग शाळेत सहज होतो. सुताराकडून एकाच फळीच्या दोन पट्ट्या कापून आणाव्यात, दोन्ही दहा सेंटिमीटर लांब. एक तंतूंच्या दिशेत, दुसरी तंतूंना आडवी. व्हर्निअर कॅलिपरने मोजून तीन-चार दिवस पाण्यात बुडवाव्यात. आडवी पट्टी काही मिलिमीटर वाढलेली आढळेल. उभी जिथल्या तिथे. जोडीला प्लायवूडचा तुकडा ठेवला तर अधिक बरे. प्लायवूडचे थर एकमेकांशी काटकोनात चिकटवलेले असतात, त्यामुळे प्रत्येक थराच्या फुगण्याला शेजारचा थर उभ्या तंतूंनी लगाम घालतो. वॅगनींच्या दारांतल्या फळ्या बहुधा प्लायवूडच्या होत्या, त्या याच कारणाने.

आता दाराची चौकट डोळ्यांसमोर आणा. एक खांब उभा, त्यात एक पट्टी आडवी येऊन मिळते. खांब आपल्या रुंदीत फुगतो-आक्रसतो; पट्टी त्याच दिशेत आपल्या लांबीत असल्याने ढिम्म राहते. भांडण होते ते नेमके सांध्यात. दरवर्षी एकदा ताण, एकदा सैल. त्यात रस्त्याचे हादरे. पाच-सात वर्षांत सांध्याचा सरस फुटतो आणि केसाएवढी फट पडते. या फटीतून पावसाचे पाणी आत गेले की ते पट्टीच्या कापलेल्या टोकाला भेटते. तिथे सगळ्या नळ्यांची तोंडे उघडी! ॲशमध्ये तर वसंतातल्या लाकडाच्या नळ्या इतक्या रुंद की नुसत्या डोळ्यांना दिसाव्यात. केशाकर्षणाने पाणी भराभर आत ओढले जाते आणि बाहेर पडायला मात्र वार्निश आडवे येते. आपल्या बैलगाडीच्या चाकाची गोष्ट उलटी आहे. उन्हाळ्यात लाकूड आक्रसून लोखंडी धाव सैल होते, तेव्हा शेतकरी चाक पाण्यात ठेवतो आणि फुगलेले लाकूड धाव पुन्हा घट्ट करते. तिथे फुगणे कामाला येते, कारण चाक उघडे असते आणि लगेच वाळते. मोटारीच्या दाराच्या खालच्या कोपऱ्यात वाळणे नाही.

मग बुरशी येते. येते म्हणजे काय, तिचे बीजाणू हवेत सर्वत्र असतातच. लाकूड वीस टक्क्यांच्या खाली कोरडे राहिले तर ते रुजत नाहीत. तंतुसंपृक्ततेच्या वर गेले की त्यांचे फावते. काही बुरशी लिग्निनसकट सगळे खाते आणि मागे फिकट, स्पंजासारखा भुगा ठेवते. काही केवळ सेल्युलोज आणि हेमिसेल्युलोज काढून घेते. उरलेले तपकिरी लाकूड चौकोनी ढेकळांत तडकते. सागाच्या मध्यकाष्ठात बुरशीला नकोशी रसायने भरलेली असतात. मेपल, बर्च आणि ॲश यांत ती जवळजवळ नाहीत. दणकट, गुळगुळीत, देखणी अशी ही लाकडे कुजण्याच्या बाबतीत अगदी दुबळी. फोर्डच्या जंगलात साग नव्हता. जे होते ते वापरले गेले.

लोखंडाचाही यात हात आहे, आणि हा भाग मला स्वतःला सर्वांत रंजक वाटतो. वॅगनीत लाकडाला जागोजाग पोलादी स्क्रू आणि पट्ट्या भिडलेल्या असत. रात्री पोलाद लाकडाच्या आधी गार होते आणि त्यावर दव जमते; हे पाणी थेट लाकडात मुरते. स्क्रू गंजू लागतो. गंजताना सुटणारे लोहाचे आयन लाकडातल्या फिनॉल वर्गातल्या द्रव्यांशी संयोग पावून काळे डाग पाडतात. एवढ्यावर थांबत नाही. हेच आयन सेल्युलोजच्या ऑक्सिडीकरणाला उत्प्रेरक ठरतात, त्याच्या लांब साखळ्या तुटतात आणि स्क्रूभोवतीचे लाकूड मऊ पडते. विशेष असे की तपकिरी कूज आणणारी बुरशीही हीच युक्ती वापरते. ती हायड्रोजन पेरॉक्साइड सोडते आणि लोहाच्या मदतीने त्याचे अतिशय क्रियाशील तुकडे करून सेल्युलोज फोडते. रसायनशास्त्रात तिला फेंटनची अभिक्रिया म्हणतात. स्क्रू आणि बुरशी, दोघांचे हत्यार एकच.

उन्हाचे काम राहिले. सूर्यप्रकाशातले जंबुपार किरण वार्निशमधून आत जातात आणि लिग्निन त्यांना शोषून स्वतः तुटते. वार्निश ज्या पृष्ठभागाला धरून असते तोच सुटतो. मग पापुद्रे निघतात. म्हणून वॅगनीचे लाकूड वर्षा-दोन वर्षांनी घासून पुन्हा वार्निश करावे लागे. नव्या गाडीचा मालक ते करी. तिसऱ्या मालकाकडून कोण अपेक्षा ठेवणार?

इकडे वॅगन लोकप्रिय होत गेली आणि त्यानेच लाकडाचे कारण संपवले. खप वाढला की साचा परवडतो. १९४६ मध्ये विलीज कंपनीने पूर्ण पोलादी जीप वॅगन आणली. तिचा रचनाकार ब्रूक्स स्टीव्हन्स याने पत्र्यावर लाकडी चौकटींसारखी रंगसंगती केली. १९४९ मध्ये प्लिमथची पोलादी सबर्बन आली आणि शेव्हरोलेने तर त्याच वर्षाच्या मध्यात लाकूड काढून त्याच्यासारखा दिसणारा पत्रा लावला. आयर्न माउंटनचा कारखाना १९५१ अखेर बंद झाला. १९५३ ची ब्युइक रोडमास्टर इस्टेट ही अमेरिकी गाड्यांतली शेवटची खरी लाकडी वॅगन. ती ६७० च निघाल्या. नंतरच्या फोर्ड कंट्री स्क्वायरवर लाकडाचे चित्र छापलेला थर चिकटवलेला असे आणि हे सोंग १९९१ पर्यंत चालले. ज्या गोष्टीला लोक कंटाळून सोडून देतात तिचेच चित्र चाळीस वर्षे हौसेने मिरवतात, हा माणसाचा स्वभाव मजेशीर खरा.

आता पहिल्या प्रश्नाकडे येऊ. तीस हजारांतल्या राहिल्या किती, याचे गणित किरणोत्सर्गी क्षयासारखे मांडता येते. समजा एका प्रकारच्या गाड्यांतल्या दरवर्षी पाच टक्के भंगारात जातात. वर्षाला ०.९५ ने गुणत गेले तर पन्नास वर्षांनी सुमारे पावणेआठ टक्के उरतात. दुसऱ्या प्रकारच्या दरवर्षी दहा टक्के जात असतील तर? ०.९ ने पन्नासदा गुणल्यावर उरतो अर्धा टक्का. वार्षिक क्षय दुप्पट झाला की शिल्लक निम्मी होत नाही, पंधरावा हिस्सा होते. हे आकडे उदाहरणादाखल घेतले आहेत, पण लाकडी वॅगनींचा क्षय पत्र्याच्या गाड्यांहून जलद होता यात शंका नाही. आधी हॉटेलात राबलेली, मग कुटुंबाने वापरलेली, मग नळवाल्याने किंवा रंगाऱ्याने शिड्या वाहून खिळखिळी केलेली गाडी. दाराचे लाकूड बदलायचा खर्च गाडीच्या किमतीहून जास्त. दोन माणसांची उघडी शर्यती गाडी पहिल्या दिवसापासून जपली जाते. कामाची गाडी काम संपेपर्यंत वापरली जाते.

१९५०-६० च्या दशकांत कॅलिफोर्नियातल्या तरुणांनी यातल्या काही वाचवल्या, तेही नकळत. लाटांवर स्वार व्हायची त्यांची फळी तीनेक मीटर लांब असे. ती आत मावेल आणि खिशाला परवडेल अशी गाडी म्हणजे मोडकी वुडी. जॅन अँड डीन यांच्या १९६३ मधल्या 'सर्फ सिटी' या गाण्याने तिला प्रसिद्धी दिली. थोड्याच वर्षांत ती हौशी मंडळींच्या नजरेत भरली, भाव चढला आणि क्षयाचा आलेख सपाट झाला. ज्या वस्तूला किंमत आली ती मरायची थांबते. कॅलिफोर्नियाच्या दक्षिणेची कोरडी हवा तिथल्या गाड्यांच्या पथ्यावर पडली, हेही विसरता येत नाही.

या गाड्या दुरुस्त करताना जे प्रश्न उभे राहतात त्यांवर हौशी मंडळी तासन्‌तास वाद घालतात, आणि मला ते वाद पोरकट वाटत नाहीत. स्क्रूभोवतीचा काळा डाग ऑक्झॅलिक आम्लाने जातो. शाळेच्या प्रयोगशाळेत असते तेच आम्ल. ते लोहाला विद्राव्य ऑक्झॅलेट संयुगात बांधून घेते आणि डाग धुऊन निघतो. आम्ल विषारी आहे, तेव्हा मुलांना दाखवताना हातमोजे हवेत. मऊ पडलेल्या लाकडात पातळ इपॉक्सी मुरवून ते पुन्हा टणक करता येते. पण कुजलेला कोपरा कापून नवा तुकडा बसवावाच लागतो. मग दुसरा, मग तिसरा. सगळी चौकट नवी झाल्यावर ती १९४१ ची गाडी राहिली का? कोणी म्हणेल, इंजिन आणि सांगाडा जुना आहे ना! पण या गाडीला भाव आहे तो लाकडासाठी, आणि नेमके तेच २०१० सालचे. दुसरीकडे, डागाळलेले, हातांनी झिजलेले, जुन्या सरसाचे लाकूड तसेच ठेवले तर गाडी रस्त्यावर आणता येत नाही, तिला नियंत्रित आर्द्रतेच्या खोलीत ठेवावे लागते. माझे मत विचाराल तर मूळ लाकडाच्या काही गाड्या तरी न घासता, न चकचकवता संग्रहालयांत राहाव्यात. कोणते झाड, कोणता काप, कोणता सरस, हे सारे त्यातच वाचता येते. नव्या चौकटीत फक्त नव्या कारागिराचे कसब वाचता येते. ते कितीही उत्तम असो.

नव्या चौकटीला लागणारे लाकूडही आता पूर्वीसारखे हुकमी राहिलेले नाही. २००२ मध्ये डेट्रॉइटजवळ, म्हणजे अमेरिकी मोटारधंद्याच्या माहेरीच, एक हिरवा चमकदार भुंगेरा सापडला. मूळचा पूर्व आशियातला. बहुधा मालाच्या लाकडी खोक्यांतून आलेला. त्याच्या अळ्या ॲशच्या सालीखाली नागमोडी बोगदे पोखरतात, झाडाचा अन्नरस खाली जाण्याची वाट तुटते आणि झाड काही वर्षांत वाळते. कोट्यवधी झाडे अशी मेली. २०१७ मध्ये उत्तर अमेरिकेतल्या ॲशच्या पाच जाती, त्यांत पांढरा ॲशही, अतिसंकटग्रस्त प्रजातींच्या यादीत गेल्या. गाडीतल्या फळीला या किड्याचे भय नाही, कारण त्याची अळी सालीखालच्या जिवंत थरांवरच जगते. मेलेल्या झाडाचे लाकूडही लगेच कापले तर चांगले असते. उभेच राहू दिले तर लवकर ठिसूळ होते; म्हणून भुंगेरा एखाद्या जिल्ह्यात पोहोचला की करवतवाले झाडे मरायच्या आत तोडायची घाई करतात. बेसबॉलच्या खेळाडूंपैकी पुष्कळजण मेपलच्या दांड्यांकडे वळले आहेत. टाउन अँड कंट्रीच्या चौकटीत मेपल घालायचे, तर वर दिलेले दोन आकडे, ७.८ आणि ९.९, पुन्हा समोर येतात: सांधे ॲशच्या मापाने आखलेले आणि लाकूड त्याहून अधिक हलणारे.